लेडी मॅकबेथ पहिल्यांदा उभी करताना: नव्या अभिनेत्रींसाठी मार्गदर्शक

नाट्यस्पर्धेसाठी, महाविद्यालयाच्या नाट्यमंडळासाठी किंवा अभिनयाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ज्यांच्या वाट्याला शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली, नवऱ्याला राजाच्या खुनासाठी उद्युक्त करणारी लेडी मॅकबेथ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी ही भूमिका मराठीतून केली आहे आणि पुढे नव्या मुलींबरोबर तिच्या तालमीही घेतल्या आहेत. जवळजवळ प्रत्येकीची अडचण एकाच जागी येते. पहिल्या अंकात एक करारी, निर्दय बाई उभी राहते, पाचव्या अंकात हात चोळणारी वेडी बाई दिसते, आणि या दोघी एकच आहेत हे प्रेक्षकांना पटत नाही. ही दरी अभिनयाच्या जोरावर बुजत नाही, ती संहितेच्या वाचनातच बुजवावी लागते. शेक्सपिअरने अपराधाची बोच तिच्या मनात पहिल्यापासून पेरून ठेवली आहे. ती कुठे कुठे आहे हे शोधण्याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

१. संहिता आणि कागदपत्रे आधी जमवा

तालमीला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असू द्या.

– ज्या मराठी संहितेवरून प्रयोग होणार आहे तिची स्वतःची प्रत, समासात लिहायला भरपूर जागा असलेली.
– मूळ इंग्रजी नाटकाची टिपांसह छापलेली प्रत. इंग्रजी कच्चे असले तरी ती लागतेच, कारण श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा मूळ ओळींत सापडतात.
– एक दोनशेपानी वही. तिचा उपयोग तिसऱ्या पायरीवर येईल.
– अनुवादकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या लेखी परवानगीची प्रत.
– जाहीर प्रयोग महाराष्ट्रात होणार असेल, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र.

शेवटची दोन कामे संस्थेची असली तरी ती झाली आहेत ना, हे तुम्हीही विचारून घ्या. इथे एक समज नेहमी घात करतो: शेक्सपिअर सगळ्यांचा आहे, तेव्हा परवानगी कशाला? मूळ नाटक खुले आहे हे खरे, पण अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो आणि भारतात तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वि. वा. शिरवाडकर १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या ‘राजमुकुट’ या ‘मॅकबेथ’च्या रूपांतरावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. शि. म. परांजपे १९२९ साली गेले, त्यामुळे त्यांचे ‘मानाजीराव’ हे रूपांतर आता कोणालाही करता येते. मात्र त्यातली भाषा आजच्या नटाच्या तोंडी बसवायला मेहनत घ्यावी लागेल. मराठीत या भूमिकेला परंपरा आहे, ‘राजमुकुट’मध्ये दुर्गा खोटे यांनी ती केली होती, हे ठाऊक असलेले बरे.

संहिता हातात आली की पहिल्याच वाचनात एक गोष्ट दिग्दर्शकाबरोबर ठरवून टाका. ही बाई नवऱ्याला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’, आणि चारचौघांत व एकांतात यात फरक पडतो का? तालमी अर्ध्यावर आल्यावर हे बदलले तर सगळे पाठांतर ढासळते.

२. तिचे प्रवेश वेगळे काढा

हे नाटक साधारण १६०६ च्या सुमाराचे, आणि छापून आले ते शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात. त्याच्या शोकांतिकांमध्ये हे सर्वांत आटोपशीर आहे आणि त्यातही लेडी मॅकबेथ फक्त नऊ प्रवेशांत दिसते: पहिल्या अंकात तीन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन आणि पाचव्यात एक. चौथ्या अंकात ती अजिबात नाही. शेवटचा प्रवेश वगळला तर तिचे बहुतेक बोलणे पद्यात आहे. झोपेत चालण्याच्या प्रवेशात ते गद्य होते आणि वाक्ये तुकड्या-तुकड्यांत येतात. तुमच्या अनुवादात हा फरक पुसला गेला असेल, तर तो आवाजाच्या लयीतून परत आणावा लागेल.

नऊही प्रवेश एकदा सलग मोठ्याने वाचा. मधले इतरांचे प्रवेश वगळून वाचले की एक गोष्ट चटकन लक्षात येते. सुरुवातीला भराभर बोलणारी, नवऱ्याला बोलू न देणारी ही बाई अंकागणिक गप्प होत जाते.

३. शेवटच्या प्रवेशापासून मागे वाचा

माझ्या मते सगळ्या तयारीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वहीत दोन रकाने करा. डाव्या रकान्यात पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती झोपेत जे बोलते ते एकेक वाक्य लिहा आणि उजव्या रकान्यात ते वाक्य नाटकात आधी कुठून आले ते शोधून लिहा. डॉक्टर आणि दासी तिचे बोलणे ऐकतात तेव्हा त्यांना ते असंबद्ध वाटते, पण प्रेक्षकाने आधीचे सगळे पाहिलेले असते. तिचे जवळजवळ प्रत्येक वाक्य मागच्या एखाद्या क्षणाचा पडसाद आहे.

काही नोंदी मी देते, बाकीच्या तुम्हीच शोधा.

‘एक, दोन, चला, आता वेळ झाली’ असे ती म्हणते तेव्हा खुनाच्या रात्रीची घंटा तिच्या कानांत असते. ती घंटा तिनेच वाजवायची होती.

नरक किती काळोखा आहे, असे ती कुजबुजते. पहिल्या अंकात याच बाईने रात्रीला साद घातली होती की नरकाच्या धुरात गुरफटून ये, म्हणजे माझ्या सुरीलाही तिने केलेली जखम दिसणार नाही. आता दासी सांगते की राणीसाहेबांच्या उशाशी सतत दिवा लागतो, तशी त्यांची आज्ञाच आहे.

‘शिपाईगडी असून घाबरता?’ हे नवऱ्याला दिलेले जुने टोमणे आहेत. राजा डंकनच्या खुनाआधी तिने ते दिले आणि मेजवानीच्या वेळी, त्यानेच मारवलेल्या मित्राचे, बँकोचे भूत पाहून तो थरथरला तेव्हाही दिले.

‘म्हाताऱ्याच्या अंगात इतके रक्त असेल असे कोणाला वाटले होते?’ या वाक्यापाशी थांबा. दुसऱ्या अंकात, मॅकबेथ आत असताना, ती एकटी म्हणते की झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच हे काम उरकले असते. म्हणजे ती त्या खोलीत गेली होती, खंजीर तिने स्वतः मांडून ठेवले होते, आणि हात उचलला गेला नाही. नंतर पहारेकऱ्यांच्या तोंडाला रक्त फासायला तीच परत आत गेली. त्या दुसऱ्या खेपेत तिने काय पाहिले, याबद्दल ती जागेपणी एक अक्षरही बोलत नाही.

फाइफच्या सरदाराची बायको आता कुठे आहे, असे ती विचारते. हा सरदार म्हणजे मॅकडफ, आणि त्याच्या बायकोमुलांची हत्या मॅकबेथने तिला न विचारता घडवली. तिचा हात त्यात नाही आणि तरीही ते रक्त तिला आपल्याच हातांवर दिसते. अपराधाची व्याप्ती इथे तिच्या स्वतःच्या कृत्यांपलीकडे गेलेली आहे, म्हणून हे वाक्य इतर वाक्यांच्या ओघात घाईने म्हणू नका.

‘झाले ते आता न झालेले करता येणार नाही.’ तिसऱ्या अंकात नवऱ्याची समजूत काढताना तिनेच म्हटले होते की झाले ते झाले. तेच वाक्य उलटून तिच्यावर आले आहे.

अरबस्तानातील सारी अत्तरेही या हाताचा वास घालवणार नाहीत, असे ती म्हणते. आणि खुनाच्या रात्री तिचे म्हणणे होते की थोड्याशा पाण्याने हे काम धुऊन निघेल.

हे दोन रकाने पूर्ण झाले की तुम्हाला आधीच्या आठ प्रवेशांत नेमक्या जागा मिळतात. ज्या क्षणी उजव्या रकान्यातले मूळ वाक्य उच्चारले जाते, त्या क्षणी तुमच्या मनात त्याचा ठसा उमटला पाहिजे. तो प्रेक्षकांना दिसायलाच हवा असे नाही, पण तो उमटला नसेल तर पाचव्या अंकात परत येण्यासाठी काही शिल्लकच राहत नाही.

४. पहिल्या अंकात तीन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट पत्राची. ती नवऱ्याचे पत्र वाचतच रंगमंचावर येते. पत्र तिने पहिल्यांदा वाचले की दहाव्यांदा, हे ठरवा. मी मधूनच, पुन्हा वाचत असल्यासारखी सुरुवात करायचे, कारण पुढच्याच क्षणी ती नवऱ्याच्या स्वभावाची इतकी बारीक चिकित्सा करते की तो विचार तिने आधी अनेकदा केलेला असणार. त्याच्यात महत्त्वाकांक्षा आहे, पण तिच्या जोडीला लागणारा दुष्टपणा नाही, असे तिचे निदान आहे. हे तिला स्वतःबद्दलही वाटते का? त्यानंतरच्या आवाहनात ती काळ्या शक्तींना सांगते की माझे बाईपण काढून घ्या, पश्चात्तापाकडे जाणारी वाट बंद करा. ज्या बाईच्या मनात दया नाही तिला दयेची वाट बंद करून मागावी लागत नाही. या स्वगतातल्या सापळ्यात पुष्कळजणी अडकतात: डोळे वटारून, आवाज घोगरा करून चौथी चेटकीण उभी करतात. चेटकिणी तीनच आहेत. ही बाई माणूस आहे आणि माणूसपण सुटावे म्हणून धडपडते आहे, हा त्या ओळींचा ताण आहे.

दुसरी गोष्ट मुलाची. मी मूल पाजलेले आहे, पण शब्द दिला असता तर ते हसणारे मूल स्तनापासून ओढून त्याचे डोके फोडले असते, हे तिचे वाक्य सर्वांना ठाऊक असते. ते मूल कुठे गेले, याचे उत्तर नाटक देत नाही. इतिहासात उत्तर आहे: खऱ्या मॅकबेथने १०४० ते १०५७ या काळात स्कॉटलंडवर राज्य केले, त्याच्या राणीचे नाव ग्रुओख होते आणि तिला पहिल्या लग्नापासून लुलाख नावाचा मुलगा होता. शेक्सपिअरने हे काहीच घेतलेले नाही. नाटकात तिला स्वतःचे नावसुद्धा नाही. तुम्ही इतिहास वापरा, किंवा मूल दगावले असे धरा, पण काहीतरी एक पक्के धरा आणि सहकलाकाराला सांगा. मॅकबेथ करणाऱ्या नटाने त्या वाक्यावर कशी प्रतिक्रिया द्यायची, हे त्यावरच ठरते. मूल दोघांचे आणि दगावलेले असेल, तर ती नवऱ्याच्या सर्वांत दुखऱ्या जागी बोट ठेवते आहे, आणि स्वतःच्याही.

तिसरी गोष्ट अपयशाची. आपण हरलो तर, असे मॅकबेथ विचारतो, त्यावरचे तिचे ‘आपण हरलो’ हे उत्तर फोलिओत प्रश्नचिन्हासह छापले आहे, पण त्या काळी तेच चिन्ह उद्गारासाठीही वापरत. त्यामुळे ते तिरस्काराने म्हणता येते, आश्चर्याने म्हणता येते, किंवा हरलो तर हरलो, अशा शांत स्वीकारानेही म्हणता येते. अठराव्या शतकात इंग्रज अभिनेत्री सेरा सिडन्स यांनी वेगवेगळे पर्याय करून पाहिले आणि शेवटी शांत स्वीकार निवडला. तालमीत तिन्ही करून पाहा. मला शांत पर्याय जवळचा वाटतो, कारण त्यात तिने परिणामांचा विचार केलेला आहे हे कळते.

५. खुनाची रात्र: हात, रक्त आणि वेळ

इथे तंत्राकडे आधी लक्ष द्या. रक्ताचे मिश्रण लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर यांचे करता येते. त्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब घातले की ते हातांवरून लवकर सुटते. कपड्याच्या तुकड्यावर आधी डाग पाडून, धुऊन पाहा. मिश्रण विंगेत पसरट भांड्यात ठेवा, म्हणजे दोन्ही तळवे एकदम बुडवता येतात, आणि शेजारी ओला टॉवेल व पाण्याची बादली कोण धरणार हे नावानिशी ठरवा. परत येण्यासाठी वेळ मिळतो तो द्वारपालाच्या प्रवेशाचा. दिग्दर्शक तो प्रवेश कापायचे म्हणाला तर मॅकबेथ करणारा नट आणि तुम्ही दोघांनी मिळून विरोध करा. हात धुऊन, रात्रीचा झगा चढवून यायला तेवढाच अवकाश आहे.

आता अभिनयाचे. तुम्ही खंजीर ठेवायला आत असता तेव्हा मॅकबेथ म्हणतो की सारा समुद्रही माझे हात धुऊ शकणार नाही. तुम्ही ते ऐकलेले नाही. म्हणून परत येऊन ‘थोडेसे पाणी पुरे’ असे म्हणताना त्याला उत्तर दिल्यासारखे म्हणू नका. तिला तसेच वाटते आहे, त्या घटकेला तरी. आणि या प्रवेशात आणखी एक वाक्य आहे जे बहुतेकजणी गिळून टाकतात: असा विचार करत बसलो तर वेड लागेल. हे ती नवऱ्याला बजावते आहे, पण वेड कोणाला लागणार आहे हे तुम्हाला तुमच्या वहीने आधीच सांगितले आहे.

पुढच्या प्रवेशात ती कोसळते. मूर्च्छा खरी की नाटकी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजू भक्कम आहेत. मॅकबेथ पहारेकऱ्यांना मारल्याचे गरज नसताना वर्णन करू लागला, म्हणून लक्ष वळवायला ती पडते, हे पटते. पण त्याच वर्णनात डंकनच्या जखमा आणि त्याचे सांडलेले रक्त आहे, आणि ते ऐकताना तिचे पाय खरोखर लटपटणेही तितकेच पटते. मी खरी मूर्च्छा निवडली. तुम्ही काहीही निवडा, पण अर्धवट ठेवू नका.

६. तिसऱ्या अंकातल्या चार ओळी

राणी झाल्यावर ती एकदाच एकटी सापडते आणि चारच ओळी बोलते: सगळे खर्ची पडले आणि हाती काही लागले नाही, मारून असे धास्तीत जगण्यापेक्षा मेलेला सुखी. लगेच मॅकबेथ येतो आणि ती चेहरा बदलून त्यालाच सांगते की ज्यावर उपाय नाही त्याचा विचार करू नये. माझ्या अनुभवात संपूर्ण भूमिकेची किल्ली इथे आहे. ती नवऱ्यापासून आपले दुःख लपवते, तो तिच्यापासून बँकोच्या खुनाचा बेत लपवतो, आणि ज्या जोडप्याने सगळे मिळून केले ते इथून पुढे वेगळे होते. दिग्दर्शक घाईत असेल तरी या चार ओळींसाठी प्रकाशयोजनेत स्वतंत्र जागा मागून घ्या.

मेजवानीत भूत तिला दिसत नाही, हे लक्षात ठेवून तुमची नजर चुकूनही त्या खुर्चीकडे जाऊ देऊ नका. पाहुण्यांना घालवून दिल्यावर ती फार थोडे बोलते. जागेपणी आपण तिच्या तोंडून ऐकतो ते शेवटचे वाक्य असे आहे की तुम्हाला झोप मिळालेली नाही. त्यानंतर ती थेट झोपेतच दिसते.

७. चौथ्या अंकात विंगेत काय करायचे

हा मोठा मोकळा वेळ आहे आणि तो वाया घालवणे सोपे असते. मेकअप रूममध्ये गप्पा आणि फोन टाळा. रंगभूषा हलकी करा, राणीचे दागिने उतरवा, केस मोकळे करा. नवी रंगभूषा चढवून डोळ्यांखाली काळे फासायची गरज नाही, कारण प्रकाश तेवढे काम करतो. मग मॅकडफच्या बायकोचा प्रवेश विंगेतून रोज ऐका. तुमच्या पात्राला ती बातमी कशी कळली हे नाटक दाखवत नाही, पण तुम्हाला ती दर प्रयोगात ताजी मिळू शकते.

८. मेणबत्ती आणि हात

रंगमंचावर खरी ज्योत चालेल का, हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला आठवडाभर आधी विचारा. नाही म्हणाले तर बॅटरीवरची मेणबत्ती घ्या आणि तिच्या उजेडात चेहरा किती दिसतो हे प्रकाशयोजनाकाराबरोबर पाहून घ्या. मेणबत्ती हातातच ठेवायची की खाली, हा जुना प्रश्न आहे. सेरा सिडन्स यांनी १७८५ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ही भूमिका केली तेव्हा मेणबत्ती खाली ठेवून दोन्ही हात धुतले. आधीची प्रथा ती हातात धरून ठेवण्याची होती आणि नाट्यगृहाचे चालक शेरिडन यांचा या बदलाला विरोध होता. सिडन्स यांनी ऐकले नाही आणि तो प्रवेश गाजला. दोन्ही हात मोकळे हवेत असेच माझेही मत आहे. फक्त मेणबत्ती ठेवण्याची जागा पक्की करा आणि तिच्याकडे न पाहता हात तिथे जाईपर्यंत सराव करा.

हात धुण्याची कृती अशी बसवा. घरी बेसिनपाशी उभे राहून हळदीचा पिवळा डाग बोटांवरून खरोखर काढा आणि काय होते ते पाहा. अंगठा तळव्याच्या मध्यावर घासतो, मग नखांच्या कडा, मग बोटांच्या मधल्या बेचक्या. मध्येच हात उजेडाकडे नेऊन पाहिला जातो आणि डाग तसाच दिसला की पुन्हा त्याच जागी परत येतो. रंगमंचावर एवढेच करा. मोठे हातवारे, किंकाळ्या आणि सैरावैरा धावणे यांनी हा प्रवेश बिघडतो. दासीच्या सांगण्यानुसार ती कधीकधी पाव तास हात धूत असते, म्हणजे ही तिची रोजची कृती आहे. डोळे उघडे असतात पण पाहत नाहीत. त्यासाठी नजर समोरच्या रांगेच्या डोक्यावरून पलीकडे, एकाच अंतरावर ठेवा आणि कोणी हलले तरी ती तिकडे वळू देऊ नका. ‘चला, झोपायला चला’ हे शेवटचे शब्द ती नवऱ्याचा हात धरल्यासारखी बोलते. तो तिथे नाही. रिकामी मूठ धरून विंगेपर्यंत जा आणि प्रेक्षकांच्या नजरेआड झाल्यावरच सोडा.

९. मृत्यू पडद्याआड

तिचा मृत्यू रंगमंचावर घडत नाही. आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो, राणी गेल्याची बातमी मॅकबेथला मिळते आणि शेवटी डंकनचा मुलगा माल्कम सांगतो की तिने स्वतःच्या हाताने जीव घेतला असे म्हणतात. ‘असे म्हणतात’ हे शब्द संहितेत आहेत. म्हणून दिग्दर्शकाला आत्महत्या दाखवायची असेल तर आधी त्यावर त्याच्याशी नीट बोला, कारण ते दृश्य आले की माल्कमचे वाक्य पोकळ होते. आक्रोशाची ध्वनिमुद्रित फीत वापरण्यापेक्षा विंगेतल्या दोन-तीन मुलींकडून तो प्रत्यक्ष करून घ्यावा. त्यात तुम्ही स्वतः आवाज मिसळू नका, प्रेक्षक तो लगेच ओळखतात. त्या मुलींबरोबर आक्रोशाची स्वतंत्र तालीम लावा आणि तो कुठल्या शब्दावर सुरू होतो व कुठे तुटतो हे प्रॉम्प्टरच्या प्रतीत लिहून ठेवा.